गुडघे नवे, घर जुनेच

पुण्यातल्या किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या रुग्णालयातून निघालेली गाडी जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने कामशेतला येते आणि तिथून बेडसे लेण्यांच्या बाजूने पवनानगरकडे वळते. कामशेतपासूनचा रस्ता साधारण पंधरा किलोमीटरचा. दोन्ही गुडघ्यांत नवे सांधे बसवून चार-पाच दिवस झालेल्या माणसाला मात्र प्रत्येक खड्डा मोजता येतो. गाडी दारात थांबते आणि खरी अडचण तिथून सुरू होते. ओसरीला तीन पायऱ्या, त्यांना कठडा नाही. पुढे उंबरा. आत जमिनीवर अंथरलेली गादी. आणि मागच्या अंगणात, पंधरा-वीस पावलांवर, उकिडवे बसायचे शौचालय. हातातल्या फाइलमध्ये डिस्चार्जचा कागद असतो. त्यावर गोळ्यांची यादी सविस्तर असते आणि तळाशी एक ओळ : ‘व्यायाम चालू ठेवावेत, जमिनीवर बसू नये.’

मावळातल्या कोणत्याही गावात दिसेल असे हे चित्र आहे. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. तिचा निकाल पुढच्या बारा आठवड्यांत लागतो आणि ते बारा आठवडे घरात जातात. पहिल्या भागासाठी आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बरेच काही झाले. दुसरा भाग अजूनही सुनेच्या, मुलीच्या नाहीतर म्हाताऱ्या नवऱ्याच्या भरवशावर सोडलेला आहे.

गुडघारोपण हा शब्द मराठी घरांत नीट पोहोचला तो तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलण्यात आला आणि जून २००१ मध्ये उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. सत्तरच्या दशकात तिथे आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ आराखडा तयार झाला, त्यात त्यांचा वाटा होता. त्या वेळी बातम्यांमध्ये चर्चा झाली ती डॉक्टरांची आणि रुग्णालयाची. दोन शस्त्रक्रियांमध्ये आठ महिन्यांचे अंतर होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते अंतर महत्त्वाचे आहे. एक गुडघा बरा होत असताना दुसरा, दुखरा का होईना, भार घेतो. पुढे दुसरा बदलला की पहिला आधाराला तयार असतो.

सामान्य कुटुंबाला हे अंतर परवडत नाही. दोनदा भूल, दोनदा खोलीचे भाडे, मुलाची दोनदा रजा, सुनेची दोनदा धावपळ. म्हणून ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ असा निर्णय होतो आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी, किंवा दोन-तीन दिवसांच्या अंतराने, बदलले जातात. निवडक रुग्णांत हा निर्णय चुकीचा नाही. ज्यांचे हृदय आणि फुप्फुसे धडधाकट आहेत, साखर आटोक्यात आहे, वजन फार नाही, त्यांना एकाच खेपेत मोकळे होता येते. पण दोन्ही गुडघे एकदम करताना रक्तस्राव जास्त होतो. हृदयावरचा ताण आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोकाही वाढतो. हृदयविकार असलेल्या किंवा फार वयोवृद्ध माणसाला डॉक्टर ‘एकेक करू’ म्हणाले, तर ते दुसऱ्या बिलासाठी म्हणतात असा संशय घेण्याचे कारण नाही.

खर्चाची बाजू आता पूर्वीइतकी भयंकर राहिलेली नाही, हे मान्य करायला हवे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी हाच सांधा लाख-दीड लाखाला रुग्णाच्या माथी मारला जात असे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. या योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्चही धरलेला आहे. पंधरा दिवस म्हणजे टाके निघेपर्यंतचा काळ. गुडघा वाकवण्याची खरी लढाई त्यानंतर ऐन भरात येते, आणि नेमके तेव्हा कागदावरचे संरक्षण संपलेले असते.

नव्या गुडघ्यात नेमके काय चाललेले असते? झिजलेली कूर्चा आणि हाडाचा पातळ थर काढून तिथे धातूचे कवच बसवलेले असते आणि दोहोंच्या मध्ये टणक प्लास्टिकची चकती. हा सांधा पहिल्या दिवसापासून भार घेऊ शकतो. म्हणूनच रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. ‘हाड जुळेपर्यंत हलवायचे नाही’ ही प्लास्टरच्या काळातली समजूत इथे उलटी पडते. धातू मजबूत असतो, पण त्याच्या भोवतीचे स्नायू, अस्तर आणि कातडी जखमी असतात. ती भरून येताना आतमध्ये व्रण धरत जातो. हा व्रण लवचीक राहील की दोरखंडासारखा आवळेल, हे पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतल्या हालचालीवर बरेचसे अवलंबून असते. त्यानंतर ताठर झालेला गुडघा मोकळा करायला कधी कधी पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो.

घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक मायेपोटी होते. दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी दिली जाते. गुडघा जरा वाकलेला ठेवला की बरे वाटते, यात शंका नाही. पण तो तसाच धरून बसतो आणि पूर्ण सरळ होईनासा होतो. सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षाही वाईट, कारण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेला राहतो आणि माणूस लवकर दमतो. उशी द्यायची ती टाचेखाली. गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहते आणि पायाच्या वजनाने हळूहळू खाली येते. हा प्रकार नकोसा वाटतो. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटे तरी तो करावा लागतो.

वाकण्याचा हिशेब अंशांत मांडला की डोक्यात बसतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघा सुमारे ६५ ते ७० अंश वाकतो. जिना चढा-उतरायला ९० च्या आसपास लागतात, खुर्चीतून सहज उठायला त्याहून थोडे जास्त. उकिडवे बसायचे तर १३० च्या पुढे. बहुतेक रुग्ण रुग्णालयातून घरी येतात ते ८०-९० अंशांवर आणि नीट व्यायाम झाला तर तीन महिन्यांत ११० ते १२० पर्यंत पोहोचतात. म्हणजे चालणे, जिना, खुर्ची, एसटीची पायरी हे सगळे परत मिळते. पंगतीत मांडी घालून बसणे बहुतेकांना परत मिळत नाही. जास्त वाकणारे खास सांधे म्हणून काही महाग सांध्यांची जाहिरात होते. प्रत्यक्ष अभ्यासांत त्यांचा फारसा वेगळा फायदा दिसलेला नाही. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता, यावर नंतरचे वाकणे जास्त ठरते. खुंटीसारखा ताठ होईपर्यंत गुडघा अंगावर काढण्यात शहाणपण नाही ते यासाठी.

एक गुडघा बदललेल्या शेजाऱ्याचा सल्ला दोन बदललेल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. जिन्याचा साधा नियम घ्या : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. इथे चांगला पाय कोणता? फिजिओथेरपिस्ट दोन्ही पायांची ताकद पाहून एक ठरवून देतो आणि तोच काही आठवडे ‘चांगला’ म्हणून वागवायचा असतो. खुर्चीतून उठताना एक पाय पुढे सरकवून दुसऱ्यावर जोर देता येत नाही. सगळा भार हातांवर येतो. त्यामुळे हात असलेली, न हलणारी खुर्ची हवी आणि शस्त्रक्रियेआधीचे तीन-चार आठवडे दंडांचा व्यायाम हवा. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला वर उचलायचे, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. इतका साधा व्यायाम, पण तो क्वचितच कोणी आधी सांगतो.

पोटरीचेही तसेच. पायाच्या शिरेत गुठळी झाली तर तो पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजतो, असे सांगितले जाते. इथे दोन्ही पाय सुजलेलेच असतात. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या रोज एकाच जागी मोजून वहीत लिहून ठेवल्या, तर फरक लवकर कळतो. एक पोटरी अचानक फुगली, दाबल्यावर दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच निघावे. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली हेही तितकेच तातडीचे. जंतुसंसर्ग साधारण शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, पण झाला आणि उशीर केला तर बसवलेला सांधा काढावा लागू शकतो. अशा वेळी गावातून दुकानातली अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस ढकलणे महागात पडते, कारण गोळीने ताप दबतो आणि आतला संसर्ग तसाच राहतो.

उरलेल्या बऱ्याच गोष्टी मात्र घाबरण्याच्या नसतात आणि हे आधी सांगितले तर अर्ध्या चिंता मिटतात. गुडघा काही महिने हाताला गरम लागतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते. चालताना कधी ‘टक्’ असा आवाज येतो. काळी-निळी झाक पोटरीपर्यंत, घोट्यापर्यंत उतरते. रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेकांचा धीर सुटतो. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असते, दुखणे थांबलेले नसते आणि ‘उगाच केले’ असे वाटू लागते. दुखण्याच्या गोळ्या या काळात टाळण्याकडे कल असतो, ‘किती गोळ्या खायच्या’ म्हणून. पण व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली गोळी म्हणजे लाड नव्हे. ती घेतली नाही तर व्यायाम होत नाही. काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, हेही उघड बोलायला हवे. ज्याला कमोडवर बसणेच जड जाते, त्याला कुंथायला लागणे ही शिक्षा आहे.

बर्फाबद्दल गावात ठाम मत असते : हाडाला थंड लागले की वात होतो. जखमी सांध्याची सूज उतरवायला मात्र बर्फच लागतो, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटे, व्यायामानंतर. शेकायचे नाही. तेल लावून चोळायचे तर अजिबात नाही आणि टाक्यांवर हळद किंवा लेपही नाही.

आता घर. रुग्णाच्या येण्याआधी आठवडाभर घर तयार व्हायला हवे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. खाटेच्या पायांखाली घट्ट बसणारे लाकडी ठोकळे, म्हणजे बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. घडीची कमोड खुर्ची, रात्री खाटेजवळ ठेवता येईल अशी. ओसरीच्या पायऱ्यांना एका बाजूने पाइपचा कठडा. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात लावून देतो. मोरीत प्लास्टिकचे उंच स्टूल. सुटी सतरंजी आणि पायपुसणी उचलून ठेवायची. वॉकरच्या पायात अडकणारी मोबाइलच्या चार्जरची वायरसुद्धा.

आणि पाऊस. पवना धरणाच्या काठची ही गावे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोन्याच्या कुशीत आहेत. जून ते सप्टेंबर इथे अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरते आणि घरातल्या शहाबादी लाद्यासुद्धा ओलसर राहतात. वॉकर घेऊन अशा अंगणातून शौचालयापर्यंत जाणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. पडल्यावर नव्या सांध्याच्या वरचे हाड मोडले, तर त्याची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड असते. वीज जाते तेव्हाची तर गोष्टच वेगळी. वॉकरला बांधलेली बॅटरी ही साधी सोय असली तरी ती आठवणीने करावी लागते.

या शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्यांत बायका जास्त. भातखाचरात वाकून लावणी, चुलीपुढे बसणे, उकिडवे बसून भांडी आणि धुणे, डोक्यावर ओझे घेऊन चढ-उतार, यांत चाळीस वर्षे गेलेली असतात. घरातले आजारपण काढायचे कोणी, याचे उत्तर आजवर तीच होती. आता ती स्वतःच खाटेवर असते, आणि घराला आजारपण काढायची सवय नसते. तिलाही खाटेवर बसून चहा मागण्याची सवय नसते. पंधराव्या दिवशी ती वॉकर बाजूला ठेवून ओट्याशी उभी राहते. तासभर भाकऱ्या थापते. संध्याकाळी गुडघे सुजतात, व्यायाम राहून जातो. पाहणारे मात्र कौतुकच करतात : बघा, कशी लवकर कामाला लागली! पहिले सहा आठवडे उभ्याने स्वयंपाक हे तिचे काम नाही, हे घरातल्या पुरुषाने स्वतः पोळपाट हातात घेऊन सांगितले तरच तिला पटेल.

फिजिओथेरपिस्ट हा या सगळ्यातला कच्चा दुवा आहे. शहरात तो घरी येतो. पवनानगरला कोण येणार? कामशेत, तळेगाव किंवा लोणावळ्याला जायचे तर गाडी ठरवावी लागते. रिक्षात किंवा जीपमध्ये पाय दुमडून बसण्याने जेवढा फायदा व्हायचा तेवढाच तोटा होतो, आणि एका खेपेचा खर्च दिवसाच्या मजुरीला भारी पडतो. दोन-तीन वेळा जाऊन माणूस थांबतो. पुढे व्यायाम होतो तो आठवेल तसा, दुखेल तिथपर्यंत. तिसऱ्या महिन्यात दाखवायला नेले की डॉक्टर म्हणतात, गुडघा ऐंशीलाच अडकलाय. दोष रुग्णाला दिला जातो : व्यायामच केला नाही.

खरे तर कागदावर याची सोय आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी दवाखाना, सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर पुनर्वसन कक्ष आणि घरी जाऊन सेवा देणारा पुनर्वसन कर्मचारी, अशी तरतूद आहे. आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांच्या सेवांमध्येही वृद्धांची काळजी धरलेली आहे. सरकार एका शस्त्रक्रियेवर लाखभर रुपये खर्च करते आणि ती वाया जाऊ नये म्हणून आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट धरणाकाठच्या गावांत पाठवत नाही, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला चुकीचाच वाटेल. योजनेच्या पॅकेजमध्ये निदान सहा आठवड्यांचे, तालुक्यातल्या तालुक्यात मिळणारे दहा-बारा व्यायामसत्रांचे पैसे धरायला हवेत आणि ते रुग्णालयाला शेवटच्या तपासणीनंतरच मिळायला हवेत. किती अंश वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का, हे दोन आकडे लिहिल्याशिवाय बिल पास होणार नाही असे ठरले, तर पवनानगरचा रस्ता अचानक जवळचा वाटू लागेल.

तोवर आशा कार्यकर्तीला चार व्यायाम दाखवून ठेवणे अवघड नाही. घोटा वर-खाली करणे, मांडी आवळून गुडघा खाली दाबणे, टाच गादीवरून स्वतःकडे ओढणे, पाय सरळ ठेवून उचलणे. रुग्णालयाने व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून एकदा पाहिले तरी चूक सापडते. वॉकर आणि कमोड खुर्ची तीन महिन्यांनंतर माळ्यावर पडून राहतात. शहरांतून काही संस्था रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र भाड्याने देतात, तसे एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा गणेश मंडळाला सहज करता येईल. मंडपाच्या खर्चातली एक कमान कमी केली तरी भागेल.

मावळात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न वारीचा असतो. पालखीबरोबर चालता येईल का? वर्षभरानंतर, सवय करत करत, काही टप्पे चालणारे असतात. फुगडीचा आणि रिंगणातल्या धावण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. कीर्तनाला खुर्चीवर बसावे लागेल. पाचातल्या चार रुग्णांना हा सौदा मान्य असतो. पाचवा, सांधा उत्तम बसूनही, पूर्ण समाधानी नसतो आणि त्याच्या नाराजीमागे बरेचदा आधी न सांगितलेल्या मर्यादा असतात. सांधा टिकण्याची काळजी फारशी नको. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार शंभरातले बयाऐंशी गुडघे पंचवीस वर्षे टिकतात.

लावणीचा प्रश्न उरतो. गुडघाभर चिखलात पाय रोवून, कमरेत वाकून, पाय उपसताना गुडघ्याला पीळ देणे नव्या सांध्याला मानवणारे नाही. बांधावर स्टुलावर बसून रोपांच्या जुड्या बांधायला हरकत नाही. तारीख ठरवताना मात्र शेतीचेच वेळापत्रक उपयोगी पडते. कापणी-झोडणी उरकून भात घरात आल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली, तर अंगण कोरडे असते, माणसे मोकळी असतात आणि पहिले बारा आठवडे फेब्रुवारीत संपतात. मेमध्ये घाईने केली, तर वॉकर सुटायच्या आत पाऊस येतो आणि घरातले सगळे हात खाचरात असतात.